मुलांना जग कसं दाखवायचं? (द्राक्ष-कांद्याच्या गावातला नववीचा वर्ग)

काजवा | ५ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवते. बरेच दिवस मनात घोळतंय ते इथे मांडते.

नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रांवर धडा आहे. गेल्या आठवड्यात तो संपवला. पोरांना सगळं तोंडपाठ. स्थापना २४ ऑक्टोबर १९४५, सभासद १९३, सुरक्षा परिषदेत १५ देश, त्यातले ५ कायमचे. मग सहज विचारलं, "तुमच्या मळ्यातली द्राक्षं कुठं जातात रे?" "एक्स्पोर्टला." "म्हणजे कुठं?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "पिंपळगावला!" म्हणजे शेजारच्याच बाजारपेठेला.

हसलो सगळे, पण मला रात्री झोप येईना. या मुलांच्या घरचं वर्षाचं गणित नेदरलँड्स, इंग्लंड, बांगलादेशातल्या गिऱ्हाइकावर चालतं. ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली, लासलगावचे लिलाव थांबले, तेव्हा हीच मुलं सातवीत होती. घरातला ताण त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. तरी जग म्हणजे त्यांच्या लेखी चार गुणांचा प्रश्न.

मला त्यांना सामान्यज्ञानाच्या स्पर्धेला उतरवायचं नाहीये. जगात जे चाललंय ते आपल्या दाराशी कुठे येऊन पोचतं हे त्यांना दिसावं, आणि दिसल्यावर काहीतरी करावंसं वाटावं, एवढीच इच्छा. वर्गात ४२ मुलं, शाळेत एक प्रोजेक्टर, नेट असलं तर असलं. तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? लहानपणी तुम्हाला जग कुणी दाखवलं?

एकलव्य७२ | ५ जानेवारी, रात्री १०:३०

बाई, तळमळ कळते. पण स्पष्टच लिहितो. मी आठ वर्षं संध्याकाळी वस्तीवरच्या मुलांची अभ्यासिका चालवतोय. सातवीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक अडखळल्याशिवाय वाचता येत नाही, भागाकाराला हात घालत नाही. तिथे जागतिक नागरिकत्व वगैरे शब्द ऐकले की पोटात खड्डा पडतो. आधी मराठी वाचन पक्कं करा, मग जग.

मुक्ता_दादर | ५ जानेवारी, रात्री ११:१५

आमच्याकडे शहरी बाजू. लेक आठवीत असताना शाळेतून एमयूएनला गेली, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची नक्कल असते ती. तिच्या वाट्याला नॉर्वे. फी भरली, ब्लेझर शिवला, महिनाभर घरात मासेमारीचे हक्क आणि तेलाचे साठे. भाषण छान झालं, प्रमाणपत्रही मिळालं. बोलायची भीड चेपली हा फायदा मी नाकारत नाही.

पण खरी गोष्ट नंतर घडली. आमच्या सोसायटीचे वॉचमन दादा नेपाळचे, सिंधुपालचोकचे. एकदा लिफ्ट बंद होती म्हणून लेक खाली त्यांच्याजवळ बसली आणि सहज विचारलं, "दादा, तुमचं गाव कसं आहे?" २०१५च्या भूकंपात त्यांचं घर पडलं होतं. एप्रिलमध्ये घर पडलं आणि जूनमध्ये ते मुंबईला आले, ते इथेच राहिले. लेक वर आली ती रडवेली. मग तिने शोधाशोध केली तेव्हा कळलं की नेपाळी माणूस व्हिसाशिवाय इथे येऊन काम करू शकतो, तो १९५०च्या करारामुळे. नऊ वर्षं ज्या माणसाच्या हातून आम्ही कुरिअर घेत होतो, त्याचा देश तिला त्या दिवशी कळला. नॉर्वेपेक्षा जवळचा होता.

शॉर्टवेव्ह_काका | ६ जानेवारी, सकाळी ६:४०

लहानपणी जग कुणी दाखवलं, या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं.

मला रेडिओने दाखवलं. जत तालुक्यातलं आमचं गाव, पाऊस नसलेलं. १९८३-८४ साली मी नववीत. वडिलांचा मर्फी होता. रात्री शॉर्टवेव्हवर काटा केसभर सरकवला की जर्मनी लागायचं, आणखी केसभर सरकवला की जपान. आमच्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं की कार्यक्रम कसा ऐकू आला हे स्टेशनला लिहून कळवलं तर ते पत्र पाठवतात. त्यासाठी पाच आकड्यांचा एक संकेत असतो, सिनपो. आवाज किती दमदार, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा किती, खरखर किती, चढउतार किती, आणि एकूण कसं. प्रत्येकाला १ ते ५ गुण. मी वहीत रकाने आखून रोज नोंदी करायचो.

पहिलं पत्र हिल्व्हरसमला, रेडिओ नेदरलँडला पाठवलं. सर म्हणाले, विसरून जा. अडीच महिन्यांनी पोस्टमन शेतात शोधत आला. हातात जाड कार्ड, पवनचक्कीचं चित्र, मागे माझं नाव, तारीख, वेळ आणि "तुमचा अहवाल बरोबर आहे" अशा अर्थाची ओळ. आईने ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं. मी आयुष्यात परदेशात गेलो नाही, पण त्या दिवसापासून पेपरातली परदेशाची बातमी मला परकी वाटली नाही.

बाई, मुलांना असं काही द्या की पलीकडून उत्तर येईल.

सुगरण_नव्हे | ६ जानेवारी, सकाळी ८:०५

काका, अंगावर काटा आला. ती कार्डं अजून असतील तर फोटो टाका ना.

शॉर्टवेव्ह_काका | ६ जानेवारी, सकाळी ८:२०

आहेत, ६३ कार्डं आहेत. नातवाच्या हातून फोटो काढून टाकतो.

पाचट | ६ जानेवारी, दुपारी १:१०

मी ऊसपट्ट्यातला शिक्षक, दहावीला भूगोल. आपल्या दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे हे काजवाताईंना माहीतच असेल. ॲमेझॉन, पँटानल, साव पावलो, सगळं येतं. मी पहिली दोन वर्षं ते नकाशे भरून संपवलं. तिसऱ्या वर्षी सुरुवातच साखरेपासून केली. जगात सर्वांत जास्त साखर करणारे दोन देश म्हणजे ब्राझील आणि आपण. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तिघांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. तक्रार कसली, तर आपण उसाला ठरवून देतो तो भाव, एफआरपी, आणि निर्यातीचं अनुदान. २०२१च्या डिसेंबरात निकाल भारताविरुद्ध लागला, आपण अपील केलं. हे सांगितल्यावर एक पोरगा ताडकन उठला, "सर, म्हणजे आमच्या बिलावर ब्राझीलवाल्यांची हरकत?" त्यानंतर ब्राझील मला शिकवावा लागला नाही. वर्गाचे दोन गट केले. एक ब्राझीलचा शेतकरी, एक आपला. ब्राझीलच्या गटाने तिकडच्या शेतकऱ्याची बाजू इतकी मनापासून मांडली की आपला गट थोडा वेळ निरुत्तर झाला. दुसऱ्याच्या जागी उभं राहणं म्हणजे काय, ते मी त्या तासाला पाहिलं.

पण आणखी एक लिहितो, ते जास्त महत्त्वाचं. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाशेजारी त्यांची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. त्यांची पोरं मार्चपर्यंत आमच्या शाळेत बसतात, काही बसतही नाहीत. आमची पोरं त्यांना "कोपीवाली" म्हणतात, डबा वेगळा खातात. ब्राझीलच्या शेतकऱ्याचं दुःख समजणाऱ्या त्याच वर्गाला शेजारच्या बाकावरची मुलगी दिसेना. मला फार लागलं ते. मग नियम केला, कोपीतून आलेल्या प्रत्येक मुलाने आपल्या गावाचा नकाशा फळ्यावर काढायचा आणि इथवरचा रस्ता दाखवायचा. त्या मुलीने रात्रभराचा ट्रॅक्टरचा प्रवास काढला. कुठे थांबले, कुठे भाकरी खाल्ली, कुठे धाकट्या भावाला ताप आला. वर्ग चिडीचूप. दुसऱ्या दिवसापासून डबे एकत्र.

एकलव्य७२ | ६ जानेवारी, दुपारी २:००

पाचट सर, हे वाचून थांबलो. तुम्ही जे लिहिलंय त्याला माझा विरोध नाही. माझा राग 'जागतिक नागरिकत्व' या मोठ्या शब्दावर आहे.

काजवा | ६ जानेवारी, रात्री ९:१५

एकलव्य, तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. माझ्या ४२ मुलांत सहा-सात जण असे आहेत की परिच्छेद वाचताना बोट धरावं लागतं. पण अनुभव सांगते. हीच मुलं औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचतात, कारण फवारणीला बापाबरोबर जातात. गरज असली की वाचन येतं. तेव्हा आधी हे आणि मग ते, असं मला जमेलसं वाटत नाही. जगाचं निमित्त करून वाचन घेता येईल का, असं बघते.

मुक्ताताई, पाचट सर, काका, तुमचं तिघांचं वर्गात वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

डाइकवरून | ७ जानेवारी, दुपारी ३:३०

मी मूळचा नाशिकचा, गेली अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ राहतो. धाग्याचं नाव वाचून आलो आणि पहिल्या पोस्टलाच घरी पोचलो.

बाई, तुमची द्राक्षं इथे येतात. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाव किलो-अर्ध्या किलोचे पारदर्शक डबे लागतात, त्यावर 'भारत' लिहिलेलं असतं. बायको म्हणते मी तिथे देवळासमोर उभा राहतो तसा उभा राहतो. बऱ्याच डब्यांवर जीजीएन म्हणून १३ आकडी नंबर असतो. तो नंबर नेटवर टाकला की कुठल्या उत्पादकाचा किंवा गटाचा माल आहे ते कळतं. यंदा पहिला डबा दिसला की फोटो पाठवतो.

इथलं एक सांगतो. १९८१पासून डच दूरदर्शनवर लहान मुलांसाठी रोज बातम्या असतात. माझा मुलगा दहा वर्षांचा, त्याच्या वर्गात बघतात. युद्धाची बातमीही सांगतात, पण मुलांना झेपेल अशी, आणि शेवटी वर्गात बोलणं होतं. २०२४च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, ते त्याने तिथे पाहिलं आणि मला विचारलं, "बाबा, आजीकडची द्राक्षं येतील ना?" जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून येत होती, दोन आठवडे जास्त लागत होते. तुमच्या मुलांच्या घरीही त्या वर्षी हीच काळजी असणार. एकाच बातमीची दोन टोकं.

केशरभात | ७ जानेवारी, संध्याकाळी ५:४५

अवांतर: चांगला माल सगळा तिकडे आणि आमच्या निफाडच्या पाहुण्यांकडे गेलं की वाटीत गळालेले मणी! डाइकवरून, तुम्ही नाशिककरांपेक्षा चांगली नाशिकची द्राक्षं खाता :)

रानवाट | ८ जानेवारी, सकाळी १०:००

मला थोडी वेगळी शंका आहे. मुलांना 'विश्वाचे नागरिक' करण्याच्या नादात आपला देश, आपली माती मागे पडणार नाही ना? आधीच शिकली की बाहेर जातात.

भुईकोट | ८ जानेवारी, सकाळी ११:२०

रानवाट, मी सोलापूरची. आमच्याकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घराचं स्मारक आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यातले ते एक. जपानशी युद्ध चालू होतं. बाकीचे परत आले, हे तिथेच राहिले, जखमींवर शस्त्रक्रिया करत. ९ डिसेंबर १९४२ला तिथेच गेले, वय ३२. चीनमध्ये आजही त्यांना मान आहे. त्यांना पाठवलं कुणी? स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने, काँग्रेसने. तेव्हाच्या माणसांना देश आणि जग यांत ओढाताण वाटली नाही.

आमच्याच जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. पैशाचं सोडा, पण भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलायला लावायचा उपक्रम त्यांनी माढा तालुक्यातल्या खेड्यातून केला, हे मला मोठं वाटतं.

काजवाताई, संयुक्त राष्ट्रांच्या धड्याला जोडून आणखी एक सांगा मुलींना. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात आधी 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा शब्द होता. तो बदलून 'सर्व माणसं' करायला लावलं ते भारताच्या हंसा मेहतांनी. १९४८ सालची गोष्ट. त्या आधी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या.

रानवाट | ८ जानेवारी, दुपारी १२:१०

हंसा मेहतांचं माहीत नव्हतं. धन्यवाद. शंका थोडी शिल्लक आहे, पण वाचतोय.

काजवा | १९ जानेवारी, रात्री १०:०५

काल मुलांना घेऊन पॅकहाऊसला गेले, म्हणजे एक्स्पोर्टची द्राक्षं निवडून डब्यात भरतात तिथे. वर्गातल्या एका मुलीचे मामा तिथे सुपरवायझर आहेत. मुलांनी बागा जन्मापासून पाहिल्यात, पण कात्रीच्या पुढचं कधी पाहिलं नव्हतं. मणी किती एमएमचा ते रिंगमधून घालून बघणं, साखर मोजणं, डब्यात वर घालायचा तो गंधकाचा कागद, मग शीतगृह. शून्याच्या आसपासच्या खोलीत पोरांनी तोंडातून वाफ काढून घेतली, तेवढं काश्मीर झालं.

मग मामांनी २०१०ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी सीसीसी नावाच्या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली. कंटेनरच्या कंटेनर. कितीतरी घरं कर्जात गेली. तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती, पण दोघातिघांना घरातून ऐकून माहीत होतं. मामा म्हणाले, आता एक्स्पोर्टच्या प्रत्येक प्लॉटची नोंद असते, काढणीआधी नमुना लॅबला जातो, पास झाला तरच माल हलतो.

तेव्हा एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "तिकडच्या पोरांसाठी औषध तपासतात. मग आपण खातो ती लोकल द्राक्षं कोण तपासतं?"

मामा गप्प. मीही गप्प. परत येताना बसमध्ये तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, तिच्या वडिलांना फवारणीच्या दिवशी रात्री डोकं दुखतं, आणि रिकाम्या बाटल्या सगळे पाटचारीत टाकतात, तिथेच शेरडं पाणी पितात.

मी इथे विचारत होते, मुलांना जग कसं दाखवायचं. त्या पोरीने रॉटरडॅमवरून नजर फिरवून सरळ पाटचारीवर आणली. आता हिला काय उत्तर देऊ?

पाचट | १९ जानेवारी, रात्री १०:४०

उत्तर देऊ नका. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. प्रश्न तिथे न्या.

एकलव्य७२ | १९ जानेवारी, रात्री ११:००

पाचट सरांशी सहमत. आणि प्रश्न त्या मुलीनेच वाचायचा, कागदावर लिहून. वाचन, लेखन दोन्ही होईल. (बाई, माझा विरोध मागे.)

मुक्ता_दादर | २० जानेवारी, सकाळी ७:३०

मुलांना ग्रामसभेत बोलू देतात का पण?

पाचट | २० जानेवारी, सकाळी ९:१५

मत देता येत नाही. बोलायला सरपंचांची परवानगी घ्यायची, आधी भेटून. आमच्याकडे झेंडावंदनानंतर मुलं तशीही तिथेच असतात. पण ताई, औषधाच्या दुकानदारांना आधी भेटा, नाहीतर त्यांना वाटेल पोरांना पुढे करून आपल्यावर नेम धरलाय.

काजवा | २७ जानेवारी, रात्री ९:३०

झालं. चौघींनी मिळून वाचलं, कारण एकटीचे पाय लटपटत होते. मागणी दोनच. रिकाम्या बाटल्या तीनदा खळबळून, भोक पाडून टाकायला पाण्याच्या टाकीजवळ जाळीचा पिंजरा हवा. आणि गावातल्या लोकल मालाचे निदान पाच नमुने ग्रामपंचायतीने एकदा तपासून आणावेत. पहिली मागणी तिथल्या तिथे मान्य. दुसरीवर गदारोळ. एक आजोबा उठले आणि म्हणाले, नमुना नापास निघाला तर व्यापारी गावाचा माल उचलणार नाहीत, पोरींना काय कळतं. ते चूक बोलत होते असं मला म्हणवत नाही, त्यांची भीती २०१०ची आहे. शेवटी ठरलं काहीच नाही, पण इतिवृत्तात प्रश्न लिहून घेतला. मुलींनी ग्रामसेवकांना ती ओळ दाखवायला लावली आणि मोठ्याने वाचली.

भुईकोट | २७ जानेवारी, रात्री ९:५५

त्या चौघींना माझ्याकडून शाबासकी सांगा. मी पन्नाशीची, अजून ग्रामसभेत बोललेली नाही.

गणितवेडा | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१५

शॉर्टवेव्ह काका म्हणाले पलीकडून उत्तर येईल असं काहीतरी द्या, त्यावर सुचवतो. २० मार्चला विषुवदिन. सूर्य विषुववृत्तावर. त्या दिवशी बरोबर एक मीटरची काठी उभी रोवून मध्यान्हीची सावली मोजायची. निफाडला ती साधारण ३६-३७ सेंमी भरेल, रॉटरडॅमला १२७ सेंमीच्या आसपास. सावलीवरून दोन्हीकडचा सूर्याचा कोन काढून वजाबाकी केली आणि दोन गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून घेतलं की पृथ्वीचा परीघ निघतो. एराटोस्थेनिसने २२०० वर्षांपूर्वी हेच केलं. एकट्या गावाला हे जमत नाही, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतंच.

सूचना: घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. निफाडला १२:४०च्या आसपास सावली सर्वांत छोटी होईल. १२:२०पासून दर पाच मिनिटांनी खूण करा.

डाइकवरून | १० फेब्रुवारी, रात्री ८:००

मी आणि लेक तयार. इथे मार्चात ऊन मिळेल याची हमी नाही, म्हणून तीन दिवस राखून ठेवा. २०, २१, २२.

काजवा | २३ मार्च, रात्री १०:२०

शुक्रवारी आमच्याकडे रणरणतं ऊन, रॉटरडॅमला ढग. शनिवारी तेच. पोरं इतकी हिरमुसली की विचारू नका. रविवारी सुट्टी असूनही अकरा जण शाळेत हजर. काठी म्हणजे पाडव्याच्या गुढीसाठी आणलेल्या वेळूचा उरलेला तुकडा, ओळंबा लावून रोवला. १२:४०ला सावली ३५.५ सेंमी. सूर्य दोन दिवसांत थोडा उत्तरेला सरकला म्हणून २० तारखेपेक्षा कमी. साडेपाचला फोन वाजला. पलीकडे दहा वर्षांचा मुलगा, मोडक्या मराठीत, "इथे ऊन आहे! एकशे चोवीस पॉइंट पाच!"

गणित करताना आधी पोरांनी कंटेनरच्या प्रवासाचे किलोमीटर घातले आणि पृथ्वी तिपटीहून मोठी निघाली. मग त्यांनाच कळलं की जहाज वळसे घेत जातं, आपल्याला सरळ उत्तर-दक्षिण अंतर हवं. ३५४० किमी धरलं. परीघ आला ४०,२०० किमी. खरा ४०,००० आणि थोडा. एकलव्य, भागाकार त्याच सहा-सात जणांपैकी एकाने फळ्यावर केला.

सोमवारी, म्हणजे आज, डब्याचा फोटोही आला. नंबर टाकून पाहिला, माल आमच्या गावचा नव्हे, दिंडोरीकडचा निघाला. तरी वर्गभर टाळ्या.

शॉर्टवेव्ह_काका | २४ मार्च, सकाळी ६:१५

पोरांचा पत्ता नको, शाळेचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. ६३ कार्डांपैकी हिल्व्हरसमचं पहिलं कार्ड त्यांना पाठवतो.

गणितवेडा | २४ मार्च, सकाळी ९:००

फारच छान! आता २१ जूनला पुन्हा करा. त्या दिवशी सूर्य निफाडच्याही उत्तरेला असतो, सावली सहाएक सेंमीची आणि पडेल दक्षिणेला. पोरांना आधी सांगू नका.

काजवा | २४ मार्च, रात्री ८:४०

सांगितलं नाही. पण जून म्हणजे आमच्याकडे ढग. या वेळी रॉटरडॅमवाल्यांना वाट बघावी लागेल.

पिंजरा बसला टाकीजवळ. आज सकाळी त्यात नऊ बाटल्या होत्या, मुली येता-जाता मोजतात.